फिल्मच्या वरच्या कडेला दिसलेला कोनस : उशिरा ओळखलेल्या ड्युरल फिस्टुलाचे एक प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण ५७ वर्षांचे गृहस्थ असून ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर काम करीत होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, प्रतिमांवरील खुणा आणि त्या वाचताना झालेली चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. ही चूक माझी आहे. पहिल्या एमआरआयचा रिपोर्ट मी लिहिला होता आणि त्याखालची सहीही माझीच आहे, हे सुरुवातीलाच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्याशिवाय पुढचे लिखाण दुसऱ्या कोणावर तरी ठपका ठेवल्यासारखे होईल.

तक्रारीची सुरुवात पावसाळ्यात झाली. रुग्ण कोपरीत राहतात, त्यामुळे कामावरून घरी परतताना त्यांना रोज ठाणे स्थानकाचा पादचारी पूल चढून पूर्वेला उतरावे लागे. पुलाच्या सात-आठ पायऱ्या चढल्या की पाय भरून येत. कठड्याला धरून थांबले, किंवा दोन मिनिटे कुठे टेकले, की पुन्हा चालता येई. तळपायांना कापूस बांधल्यासारखे वाटू लागले. एकदा पूल उतरताना उजव्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच पुढे गेले. मागून येणाऱ्या एका मुलाने हाक मारली, तेव्हा ती चार पायऱ्या वर पडलेली त्यांना दिसली. आणखी एक गोष्ट त्यांच्या पत्नीने मला नंतर, खूप उशिरा, सांगितली : "दर गुरुवारी हे भजनाला जातात. वरच्या पट्टीत गायलं की उठताना पाय लटपटतात, असं हे तेव्हापासून म्हणत होते. आम्ही म्हटलं, मांडी घालून बसल्यामुळे होत असेल." तिने हे सांगेपर्यंत निदान झालेले होते. गाताना छाती-पोटातील दाब वाढतो आणि तो दाब कण्यातील नीलांपर्यंत पोहोचतो; हा एक धागा आमच्यापैकी कोणी वेळेवर हाती घेतला असता, तर शोधाची दिशा बदलली असती.

माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर "कंबरदुखी, चालताना पाय भरून येतात, पीआयव्हीडी?" एवढेच लिहिलेले होते. मणक्यांमधील गादी सरकली आहे का, असा त्याचा अर्थ. गुडघ्याचे प्रतिक्षिप्त झटके कसे आहेत, तळपायाला ओरखडल्यावर अंगठा कोणत्या बाजूला वळतो, लघवीची काही तक्रार आहे का, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. आणि रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतानाही मी जाऊन विचारले नाही.

आमचे यंत्र १.५ टेस्लाचे आहे. कंबरेच्या तपासणीत सॅजिटल म्हणजे उभ्या छेदाच्या टी१ व टी२ प्रतिमा (एमआरआयचे हे दोन प्रकार; टी२मध्ये पाणी आणि सूज पांढरी दिसते) आणि खालच्या तीन गाद्यांमधून जाणारे आडवे छेद, असा त्या वेळी आमचा ठरलेला क्रम होता. उभ्या छेदात डी११, म्हणजे पाठीच्या अकराव्या मणक्यापासून माकडहाडापर्यंतचा भाग येतो. बहुतेक प्रौढांमध्ये मज्जारज्जू एल१ आणि एल२ या कंबरेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या आसपास संपतो. त्याच्या निमुळत्या टोकाला कोनस म्हणतात आणि त्याच्या खाली केवळ चेतामुळांचा जुडगा उरतो. म्हणजे कंबरेच्या प्रत्येक एमआरआयमध्ये, कोणी मागितलेला असो वा नसो, मज्जारज्जूचा शेवटचा काही सेंटिमीटरांचा तुकडा फिल्मच्या वरच्या कडेला असतोच.

मी जे पाहिले ते असे : एल४ आणि एल५ यांच्यामधील गादी फुगलेली होती, तिथले अस्थिबंध जाड झाले होते आणि त्या पातळीवर कण्याची नलिका अरुंद झाली होती. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या कण्यात हे सापडणे नेहमीचेच असते, आणि कसलीही तक्रार नसलेल्या कित्येकांतही ते सापडते. चालताना पाय भरून येणे व बसल्यावर बरे वाटणे या तक्रारीशी ते जुळत असल्याने प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे मला वाटले. कोनसच्या खाली आणि मागे काही नागमोडी काळ्या रेषा मला दिसल्या होत्या, आणि त्या मी रिपोर्टात नोंदवल्याही होत्या. पण नलिका अरुंद झाली की त्या जागेच्या वर चेतामुळे ढिली पडून वेटोळी होतात, हे माहीत असल्यामुळे त्या रेषा मी त्याच खात्यात टाकल्या. कोनसबद्दल मी "नॉर्मल" असा एक शब्द लिहिला. तो शब्द आमच्या रिपोर्टाच्या तयार साच्यात आधीपासूनच होता.

पुढचे चार महिने थोडक्यात सांगतो. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन, व्यायाम आणि चेतांच्या दुखण्यावरच्या गोळ्या झाल्या. पाय मात्र हळूहळू अधिकच जड होत गेले. लघवीला जोर करावा लागू लागला, तेव्हा सोनोग्राफीत प्रोस्टेट किंचित मोठी दिसली आणि तिच्यावर औषध सुरू झाले. पायांसाठी एक कारण सापडले होते, लघवीसाठी दुसरे सापडले, आणि ही दोन्ही दुखणी एकाच जागेवरून निघत असतील असा विचार कोणाच्या मनात आला नाही. पाय आणि मूत्राशय यांच्या चेता ज्या एका जागी शेजारी-शेजारी नांदतात, ती जागा म्हणजेच कोनस.

अखेर एका चेतातज्ज्ञांनी रुग्णाला पलंगावर झोपवून नीट तपासले. गुडघ्याचा झटका जास्त होता, घोट्याचा जवळजवळ नव्हता आणि दोन्ही पायांचे अंगठे वर जात होते. एल४-एल५च्या गादीमुळे गुडघ्याचा झटका वाढू शकत नाही व अंगठाही वर जाऊ शकत नाही, कारण त्या पातळीवर मज्जारज्जूच नसतो. त्यांनी लगेच पाठीच्या कण्याचा एमआरआय दुसऱ्या केंद्रात करवून घेतला. त्यात डी७पासून कोनसच्या टोकापर्यंत मज्जारज्जूचा मधला भाग टी२ प्रतिमेवर पांढुरका आणि किंचित सुजलेला दिसला. रिपोर्ट आला : लांब पल्ल्याचा मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूचा दाह. कमरेतून पाणी काढून तपासले असता त्यात प्रथिने वाढलेली होती, पेशी मात्र नगण्य होत्या. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या मज्जारज्जू व डोळ्यांच्या चेतांचा दाह करणाऱ्या आजाराची अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह आली. दाह धरून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज १ ग्रॅम या प्रमाणात सुरू करण्यात आले. दुसऱ्या डोसनंतरच्या पहाटे रुग्णाला पलंगावरून उठता येईना आणि लघवी पूर्णपणे तुंबून नळी घालावी लागली.

हे सगळे माझ्या कानांवर आले ते योगायोगाने नव्हे. त्या चेतातज्ज्ञांनी औषध तत्काळ थांबवले आणि दोन्ही एमआरआय घेऊन ते त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या वाचनकक्षात आले. त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता : "दाहावर स्टिरॉइड दिल्यावर माणूस दोन दिवसांत असा कोसळतो का?"

आम्ही आधी नव्या फिल्म लावल्या. पांढुरका पट्टा मज्जारज्जूच्या मध्यभागी होता आणि त्याच्या कडेने एक बारीक काळसर किनार होती. साचलेल्या, प्राणवायू गमावलेल्या रक्तामुळे अशी किनार येते. मज्जारज्जूच्या मागच्या पृष्ठभागावर मात्र मुंग्यांची रांग लागावी तसे काळे ठिपके वरपासून खालपर्यंत दिसत होते. वाहते रक्त छेदात सापडून संकेत परत देण्याच्या आतच पुढे निघून जाते, म्हणून अशा प्रतिमेत वेगाने वाहणारी रक्तवाहिनी काळी दिसते. तिला आम्ही फ्लो व्हॉइड म्हणतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाठीच्या भागात मज्जारज्जूभोवतीचे पाणी हृदयाच्या ठोक्यांबरोबर मागेपुढे हलते, आणि त्या हालचालीनेही टी२ प्रतिमेवर काळे डाग पडतात. शिकाऊ वाचक त्यांना रक्तवाहिन्या समजतो, आणि असे दोन-चारदा फसल्यावर खऱ्या रक्तवाहिन्यांनाही तो पाण्याची हालचाल म्हणू लागतो. फरक असा, की पाण्याचे डाग ढगासारखे, कडा नसलेले असतात आणि शेजारच्या छेदात त्यांचा आकार बदलतो. नीला मात्र ठाशीव, गोल किंवा नागमोडी दिसते, मज्जारज्जूला चिकटून चालते आणि छेदामागून छेद तिचा माग काढता येतो.

मग मी माझी जुनी तपासणी उघडली. कंबरेच्या कॉइलची, म्हणजे संकेत टिपणाऱ्या भागाची, पकड वरच्या कडेला क्षीण होते, त्यामुळे तिथली प्रतिमा मुळातच मळकट येते; शिवाय मी पडद्याचा उजेड खालच्या गाद्या नीट दिसाव्यात अशा बेताने लावलेला होता. माऊस धरून उजेड थोडा बदलला, आणि डी१२च्या मागे मज्जारज्जूच्या पोटात पांढुरका पट्टा वर आला. तो फिकट होता, पण होता. ज्या नागमोडी रेषांना मी ढिली चेतामुळे म्हटले होते, त्या अरुंद जागेपासून सुरू होत नव्हत्या; कोनसला ओलांडून त्या मज्जारज्जूच्या पाठीवर चढल्या होत्या, आणि चेतामुळांपेक्षा कितीतरी काळ्या होत्या. चेतामुळे कोनसच्या वर मागच्या बाजूने अशी वेटोळी घेत जात नाहीत. हे मला पहिल्या दिवशीही माहीत होते. साडेचार महिन्यांपूर्वीच्या त्या फिल्मवर निदान उमटलेले होते.

निदान होते स्पायनल ड्युरल आर्टिरिओव्हीनस फिस्टुला. मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणात, म्हणजे ड्युरामध्ये, चेतामूळ जिथून बाहेर पडते तिथे एखादी बारीक रोहिणी थेट नीलेला जोडली जाते. रोहिणीचा दाब नीलांच्या जाळ्यात शिरतो. मज्जारज्जूच्या पृष्ठभागावरील या जाळ्याला झडपा नसल्याने दाब खालपर्यंत उतरतो, रक्ताचा निचरा अडतो आणि मज्जारज्जू आतून फुगत जातो. ठाण्यात मुसळधार पावसात नाला एका ठिकाणी तुंबतो आणि पाणी साचते दुसऱ्याच सखल भागात, तसेच येथे घडते : फिस्टुला पाठीत कितीही वर असला तरी सूज बहुधा कोनसमध्ये येते. म्हणूनच सूज जिथे दिसते तिथे फिस्टुला शोधणारा फसतो, आणि म्हणूनच कंबरेच्या फिल्मची वरची कडा इतकी मोलाची ठरते.

हा आजार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाख लोकांमागे पाच ते दहा रुग्ण असा त्याचा अंदाज दिला जातो, आणि त्यांतील बहुतांश पन्नाशीपुढचे पुरुष असतात. फ्वा आणि अलाजुआनिन या फ्रेंच चेतातज्ज्ञांनी १९२६ साली अशा मज्जारज्जूच्या ऱ्हासाचे वर्णन केले होते, परंतु मूळ दोष ड्युरामध्ये असतो हे केंडॉल आणि लोग यांनी १९७७ साली दाखवून दिले. त्याआधी शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या नीला लांबच्या लांब सोलून काढल्या जात असत, आणि त्यामुळे उरलासुरला निचराही जाई. दोषाची खरी जागा कळल्यावर एक नीला तोडणे पुरेसे ठरले. प्रतिमाशास्त्राने शस्त्रक्रिया इतकी लहान केल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि हे त्यांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मायलायटिसच्या निदानाबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. ट्रान्सव्हर्स मायलायटिससाठी २००२ साली जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, त्यांनुसार आजार सुरू झाल्यापासून कमाल अवस्थेला पोहोचण्यास ४ तास ते २१ दिवस लागले पाहिजेत, आणि मज्जारज्जूच्या पृष्ठभागावर असाधारण फ्लो व्हॉइड दिसत असतील तर ते निदान बाद होते. आपल्या रुग्णात आजार महिनोन्महिने, चढत-उतरत वाढत होता आणि फ्लो व्हॉइडही समोर होते. फिस्टुलाच्या रुग्णाला स्टिरॉइड दिल्यावर अशक्तपणा अचानक वाढतो, हे अनेकदा नोंदले गेले आहे. शरीरात पाणी धरून ठेवले जाऊन नीलांमधील दाब आणखी चढतो, असे त्यामागचे कारण मानले जाते. तरीही दाह म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी फारसा दोष देऊ शकत नाही. त्यांच्यासमोर माझा रिपोर्ट होता, आणि त्यात कोनस नॉर्मल असल्याचे लिहिले होते. तो वाचणाऱ्याने मज्जारज्जूतील बदल अलीकडचा, म्हणजे वेगाने आलेला, असाच समजला असणार. एका चुकीच्या शब्दाने दुसऱ्या चुकीला आधार दिला.

त्याच रात्री आम्ही तपासणी पुन्हा केली. अतिशय पातळ छेदांच्या टी२ प्रतिमांमध्ये मज्जारज्जूमागच्या नीला दोऱ्यासारख्या सुट्या दिसल्या. गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारे औषध शिरेतून दिल्यावर मज्जारज्जूचा खालचा भाग ठिकठिकाणी उजळला. औषध रक्तात शिरताना काही सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या एमआर अँजिओग्राफीत डाव्या बाजूला डी७जवळ एक नीला वेळेआधी भरताना दिसली. पातळीचा असा अंदाज आधी मिळणे फार उपयोगाचे असते. कारण पुढची तपासणी, डीएसए (रक्तवाहिन्यांत औषध सोडून क्ष-किरणांनी काढलेले त्यांचे चित्र), जांघेतून नळी घालून करावी लागते आणि तीत कण्याला रक्त पुरवणारी प्रत्येक रोहिणी, उजवी आणि डावी, एकेक करून तपासावी लागते. अंदाज नसेल तर वेळ, किरणे आणि मूत्रपिंडांवर पडणारा औषधाचा भार हे सगळेच वाढते.

डीएसए मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात झाली. डी७च्या डाव्या रोहिणीतून फिस्टुला भरत होता आणि एकच नीला तेथून खाली कोनसपर्यंत उतरत होती. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी ॲडमकिविझची रोहिणी डी९पासून डावीकडून निघत होती. ती त्याच रोहिणीतून निघाली असती तर आतून गोंद सोडून फिस्टुला बुजवण्याचा विचारही करता आला नसता. येथे तो करता येत होता, पण फिस्टुलाकडे जाणारी वाट इतकी बारीक आणि वळणाची होती की नळी जवळ पोहोचेना. गोंद नीलेच्या सुरुवातीपर्यंत पोहोचला नाही, आधीच रोहिणीत थिजला, तर फिस्टुला पुन्हा उघडतो. म्हणून शस्त्रक्रिया ठरली. मणक्याची मागची कमान उघडून, ड्युरा छेदून ती एक नीला जाळून तोडण्यात आली. शस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्यांनी मला सांगितले की, तोडण्यापूर्वी ती नीला रोहिणीसारखी लालभडक आणि टणक होती. क्लिप लावल्यावर थोड्याच वेळात मज्जारज्जूवरचे सगळे जाळे निळसर आणि मऊ पडले.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मी रुग्णाला आणि त्यांच्या मुलाला भेटलो आणि पहिल्या फिल्मवर खूण होती, ती मला दिसली नाही, हे त्यांना सांगितले. फिल्म पडद्यावर लावून ती जागाही दाखवली. मुलाने विचारले, "डॉक्टर, तेव्हाच कळलं असतं तर बाबा आज चालत असते का?" मी सांगितले की, उपचारांच्या वेळी रुग्ण जितका चालता-फिरता असतो तितका तो पुढे चांगला राहतो, हे या आजारात सिद्ध आहे, आणि तेव्हा ते चालत होते. याहून मऊ उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता. रुग्ण बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, "साहेब, ही रेघ आता सगळ्यांच्या फिल्ममध्ये बघता ना?"

आमच्या विभागात त्यानंतर तीन बदल झाले. रिपोर्टाच्या साच्यातून कोनसपुढचा "नॉर्मल" हा तयार शब्द काढला. ती जागा रिकामी असते आणि पाहणाऱ्याला तिथे पातळी व संकेत स्वतः लिहावे लागतात, अन्यथा रिपोर्ट पुढे जात नाही. कंबरेच्या तपासणीत संपूर्ण कण्याचे एक उभे टी२ स्क्रीनिंग घेतले जाते; त्याला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. तिसरा बदल मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. रुग्णाला यंत्रात घेण्यापूर्वी टेक्निशियन त्याला तीन प्रश्न विचारून उत्तरे चिठ्ठीवर लिहितो : लघवी-शौचाची तक्रार आहे का, चप्पल पायातून निसटते का, आणि चालण्याची ताकद महिन्यागणिक कमी होत आहे का. चपलेचा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकातला नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या माणसांना तो लगेच समजतो, आणि संवेदना गेल्याची तक्रार वैद्यकीय शब्दांत विचारली तर जे "नाही" म्हणतात, ते या प्रश्नाला "हो, निसटते" म्हणतात.

सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये पांढुरका पट्टा डी११च्या खाली थोडासा उरला होता, पृष्ठभागावरचे काळे ठिपके गेले होते आणि मज्जारज्जू किंचित बारीक झाला होता. रुग्ण काठी घेऊन घरात आणि इमारतीच्या आवारात चालतात. जिना चढायला एका माणसाचा आधार लागतो. लेथवरचे काम सुटले आहे. पायांची ताकद जेवढी परतली तेवढी मूत्राशयाची परतली नाही, त्यामुळे दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालून लघवी काढण्यास त्यांना शिकवले आहे. पुढचा एमआरआय एका वर्षाने ठरवला आहे. फिस्टुला क्वचित पुन्हा उघडू शकतो, म्हणून त्याआधी चालणे बिघडले किंवा भजनानंतर पाय पुन्हा लटपटू लागले, तर तारखेची वाट न पाहता थेट यावे, असे त्यांच्या मुलाला लिहून दिले आहे.